स्वतःची प्रत घडवणारे यंत्र: तर्क १९४८ मध्ये सुटला, मग अडते नेमके कुठे?

शून्यलब्धी (धागाकर्ता)

सप्टेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे भरलेल्या हिक्सन परिसंवादात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी स्वयंचलित यंत्रांच्या तार्किक सिद्धान्तावर व्याख्यान दिले. आपण पाहतो ती यंत्रे स्वतःपेक्षा साध्या वस्तू घडवतात, म्हणजे घडवणारा नेहमी घडलेल्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा असतो. सजीव मात्र स्वतःइतकीच गुंतागुंतीची संतती निर्माण करतात आणि लांबच्या काळात त्याहून गुंतागुंतीचीही. हा फरक तत्त्वाचाच आहे, की आपल्या यंत्रांची गुंतागुंत अजून पुरेशी नाही म्हणून तो दिसतो, असा त्यांचा प्रश्न होता. एका विशिष्ट पातळीच्या खाली यंत्रांची संतती निकृष्ट होत जाते आणि त्या पातळीच्या वर ती तोडीस तोड होऊ शकते, असे त्यांचे उत्तर होते. त्या उत्तरामागचा तर्क आणि त्यानंतर उरलेली अडचण, या दोन्हींवर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला पेच असा की, यंत्राला स्वतःची प्रत घडवायची तर त्याच्यापाशी स्वतःचा आराखडा हवा. परंतु आराखडा हाही यंत्राचाच भाग झाला, म्हणून आराखड्यात आराखड्याचे वर्णन हवे, त्या वर्णनात पुन्हा त्या वर्णनाचे वर्णन हवे, आणि याला अंत उरत नाही. फॉन नॉयमन यांनी यंत्राचे तीन भाग कल्पिले: वर्णन वाचून त्याबरहुकूम वस्तू घडवणारा रचनाकार, वर्णनाची पट्टी न वाचता जशीच्या तशी उतरवून काढणारा नकलाकार, आणि या दोघांना क्रमाने कामाला लावणारा नियंत्रक. पट्टीवर फक्त या तीन भागांचे वर्णन असते, पट्टीचे नसते. रचनाकार पट्टी वाचून तीन नवे भाग उभे करतो, नकलाकार पट्टीची नक्कल काढतो, नियंत्रक ती नक्कल नव्या यंत्राच्या हवाली करतो आणि प्रत पूर्ण होते. एकच पट्टी एकदा आज्ञा म्हणून पाळली जाते आणि एकदा निव्वळ मजकूर म्हणून उतरवली जाते, त्यामुळे अंतहीन साखळी निर्माणच होत नाही.

हे कागदावरही करून पाहता येते. पुढील ओळीतील आज्ञा कोणी शब्दशः पाळली, तर कागदावर तीच संपूर्ण ओळ पुन्हा उमटेल:

पुढचे वाक्य दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत: "पुढचे वाक्य दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत:"

अवतरणातला मजकूर ही पट्टी आहे. ती पहिल्यांदा उतरवली की नवी आज्ञा तयार होते, दुसऱ्यांदा उतरवली की त्या आज्ञेला तिची स्वतःची पट्टी मिळते. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा शोध १९५३ चा. पेशी आपला डीएनए एकीकडे प्रथिने घडवण्यासाठी वाचते आणि दुसरीकडे विभाजनापूर्वी त्याची नक्कल काढते, हे आज शाळेत शिकवले जाते. हीच विभागणी एका गणितज्ञाने रेणूंकडे न पाहता, केवळ तर्काच्या बळावर काही वर्षे आधी मांडली होती. मला विसाव्या शतकातील विचारांत यापेक्षा सुंदर फार थोडे आढळते.

फॉन नॉयमन यांची पहिली कल्पना सुट्या भागांनी भरलेल्या जलाशयात तरंगणाऱ्या यंत्राची होती. यंत्र भाग ओळखते, उचलते आणि जोडते. पुढे त्यांचे मित्र स्टानिस्लाव उलाम यांच्या सूचनेवरून त्यांनी हा प्रश्न चौकोनांच्या अमर्याद जाळीवर नेला. तेथे प्रत्येक चौकोन २९ अवस्थांपैकी एका अवस्थेत असतो आणि शेजाऱ्यांकडे पाहून अवस्था बदलतो. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा हे काम अपुरे होते. आर्थर बर्क्स यांनी ते पूर्ण करून १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

जाळीवर गणित स्वच्छ झाले, पण काहीतरी सुटलेही. फॉन नॉयमन यांनी हे स्वतःच मोकळेपणाने नोंदवले होते की, सुटे भाग आयते आहेत असे गृहीत धरले की अर्धा प्रश्न खिडकीबाहेर फेकला जातो, आणि कदाचित तोच अर्धा अधिक महत्त्वाचा असेल. भाग कशापासून आणि कसे बनतात, हा तो फेकलेला अर्धा. माझ्या मते गेल्या पाऊणशे वर्षांत आपण त्याच अर्ध्याशी झगडत आहोत.

याचे सर्वांत प्रामाणिक उदाहरण म्हणजे रेपरॅप. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी स्वतःचे भाग स्वतः छापणारा थ्रीडी प्रिंटर बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि त्याचे सर्व आराखडे मुक्त परवान्याखाली खुले ठेवले. पहिल्या यंत्राचे नाव डार्विन. २९ मे २००८ रोजी डार्विनने छापलेल्या भागांतून जोडलेले दुसरे यंत्र बाथमध्ये चालू झाले आणि काही मिनिटांतच त्याने पुढच्या यंत्रासाठीचा पहिला भाग छापला. मात्र नट-बोल्ट बाजूला ठेवूनही यंत्राचे जेमतेम निम्मे भाग छापील होते. मोटारी, सळ्या, इलेक्ट्रॉनिक्स, तापणारे नोझल हे सारे बाहेरून येत असे आणि जोडणी माणूस करत असे. अशा बाहेरून आणाव्या लागणाऱ्या भागांना रेपरॅपवाले "व्हिटॅमिन" म्हणतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: एखादे यंत्र स्वतःची प्रत काढते का, हा प्रश्न तसाच विचारला तर त्याला अर्थपूर्ण उत्तर नाही. त्याला काय काय आयते मिळते, हे आधी सांगितले पाहिजे. जाणकारांनी आपापल्या क्षेत्रातून हे तपासून पाहावे, ही विनंती.

पेशीवेल्हाळ

धागा आवडला. जीवशास्त्राच्या बाजूने आपल्या म्हणण्याला पुष्टी देणारी तुलना देते.

ई. कोलाय हा जिवाणू ग्लुकोज आणि अमोनियम, फॉस्फेट, सल्फेट, मॅग्नेशियम यांसारख्या मोजक्या क्षारांच्या पाण्यात वाढू शकतो. सर्व अमिनो आम्ले, न्यूक्लिओटाइडे आणि बहुतेक सहघटक तो स्वतः बनवतो. त्यासाठी त्याच्याकडे चार हजारांहून अधिक जनुके आहेत. दुसऱ्या टोकाला २०१६ मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने तयार केलेली सिन ३.० ही पेशी आहे. एका मायकोप्लाझ्माच्या (अगदी लहान जिवाणूच्या) जनुकसंचातून अनावश्यक ते सारे काढत तिच्यात ४७३ जनुके उरली. ती विभागते, पण तिला अत्यंत समृद्ध द्रव लागतो, कारण घडवण्याची बहुतेक कामे तिने परिसरावर सोपवलेली आहेत. यंत्र जितके लहान करावे तितका परिसर श्रीमंत लागतो. ई. कोलायलाही समृद्ध द्रव दिला तर तो सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो आणि साध्या क्षारांत त्याला कितीतरी अधिक वेळ लागतो, म्हणजे स्वावलंबनाची किंमत वेळातही मोजावी लागते.

आणखी एक मुद्दा. सिन ३.० च्या ४७३ पैकी १४९ जनुकांचे नेमके कार्य तेव्हा ठाऊक नव्हते. शिवाय हा जनुकसंच रसायनांतून जुळवला गेला, तरी तो चालू करण्यासाठी एका आधीच जिवंत असलेल्या पेशीत घालावा लागला. पट्टी आपण लिहू शकतो. पहिला रचनाकार मात्र अजून उसना घ्यावा लागतो.

उद्यमनगरकर

मी कोल्हापुरात मशीन टूलच्या व्यवसायात आहे, त्यामुळे यंत्राने यंत्र घडवणे हा माझ्यासाठी रोजचा व्यवहार आहे. आमच्याकडे लेथला (धातू फिरवून कापणाऱ्या यंत्राला) मदर मशीन म्हणतात, कारण फौंड्रीतून ओतीव बेड (यंत्राचा पाया) आला की त्यावरचे स्पिंडल, लीडस्क्रू, गिअर, बुश यांतील बरेचसे दुसऱ्या लेथवर, मिलिंगवर आणि शेपरवर होते. त्यामुळे भाग कोणते घडतात याइतकाच ते किती अचूक घडतात, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि धाग्यात तो आलेला नाही.

लेथचे हत्यार सरकवणारा आटेदार दांडा म्हणजे लीडस्क्रू. त्याच्या पिचमध्ये (दोन आट्यांमधल्या अंतरात) जी चूक असते, ती त्यावर कापलेल्या प्रत्येक आट्यात उतरते. त्या आट्याचा लीडस्क्रू करून दुसरा लेथ उभा केला तर त्यात आईची चूक अधिक स्वतःची चूक येणार. बेडची झीज, स्पिंडलचा रनआउट (फिरताना होणारे डगमगणे) यांचेही तसेच. काही पिढ्यांत हाती येणारे यंत्र कामाचे राहणार नाही. फॉन नॉयमन ज्याला निकृष्ट होत जाणे म्हणतात ते कारखान्यात असे दिसते.

मग पहिला अचूक लेथ आला कोठून? इंग्लंडमध्ये १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले यांनी आटे कापणारा लेथ सिद्ध केला. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये सपाट पृष्ठभाग तयार करण्याची तीन प्लेटची रीत मांडली. दोन प्लेट एकमेकींवर ब्लू (निळा रंग) लावून, उंचवटे खरवडून म्हणजे स्क्रेप करून जुळवल्या तर एक खोलगट आणि एक फुगीर होऊनही त्या बिनचूक बसू शकतात. तिसरी प्लेट घेऊन आळीपाळीने प्रत्येक जोडी जुळवली, तर तिन्ही सपाट झाल्याशिवाय तिन्ही जोड्या बसणे शक्यच नसते. येथे कोणतीही मूळ सपाट प्लेट लागत नाही. अचूकता आईकडून घ्यावी लागत नाही, ती पद्धतीतूनच निर्माण होते. स्क्रेपिंग करणारा कारागीर आजही याच तत्त्वावर काम करतो आणि यंत्रापेक्षा बारीक काम हाताने काढतो.

स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राला अशी किमान एक रीत अंगी असल्याशिवाय ते दहाव्या पिढीपर्यंत पोहोचेल असे मला वाटत नाही.

शून्यलब्धी

उद्यमनगरकर, आपल्या प्रतिसादाने माझ्या मांडणीतील एक मोठी जागा भरून निघाली. मनापासून आभार.

आपला मुद्दा पट्टीच्या भाषेत असा मांडता येईल. पट्टीवरचा मजकूर अंकांत असतो, त्यामुळे त्याची नक्कल चुकली नाही तर ती शंभर टक्के मूळच असते, आणि चूक झाली तर ती तपासून दुरुस्त करता येते. म्हाताऱ्या, झिजलेल्या यंत्राची पट्टीही नवी कोरीच उतरते. घडणाऱ्या शरीराचे मात्र तसे नाही. रचनाकाराचा हात एक दशांश मिलिमीटर हलत असेल तर पट्टीवर काहीही लिहिलेले असो, नवे शरीर तेवढेच ढिले होणार. पेशीला ही अडचण भेडसावत नाही, कारण तिचे सुटे भाग अणू आहेत आणि कार्बनचा कोणताही अणू कार्बनच्या दुसऱ्या अणूइतकाच अचूक असतो. आपल्या धातूच्या यंत्रांना हे वरदान नाही.

कॉर्नेल विद्यापीठात हॉड लिप्सन यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलेले यंत्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दहा सेंटिमीटरचे ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यात मोटार, विद्युतचुंबक आणि संगणकीय चिप. चार ठोकळ्यांचा मनोरा वाकून नवे ठोकळे उचलत असे आणि सुमारे अडीच मिनिटांत शेजारी आपल्यासारखाच मनोरा उभा करत असे. चुंबक ठोकळ्यांना आपोआप जागेवर खेचून घेत, म्हणून हाताची थोडी चूक पुढे जात नसे. पण ठोकळे नेमक्या ठिकाणी ठेवण्याचे काम संशोधक करत होते आणि ठोकळा स्वतः त्या यंत्राहून कितीतरी अवघड वस्तू होता. अचूकता मिळाली ती परिसर श्रीमंत करून.

ध्रुवमत्स्य

यासंदर्भात नासाच्या एका अभ्यासाची नोंद येथे असायला हवी. १९८० च्या उन्हाळ्यात सांता क्लारा विद्यापीठात अभियंते आणि शास्त्रज्ञ काही आठवडे एकत्र बसले आणि चंद्रावर स्वतःची प्रत उभारणारा कारखाना शक्य आहे का, हे त्यांनी तपशीलवार तपासले. अहवाल १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पना अशी होती की पृथ्वीवरून सुमारे १०० टनांचे बीज चंद्रावर उतरवायचे. त्यातील यंत्रमानव चांद्रमाती खणतील, वितळवलेल्या बेसाल्टची फरसबंदी घालतील, वर सौरपट्ट्यांचे छत उभारतील आणि साधारण वर्षभरात कारखान्याची दुसरी प्रत उभी राहील. दरवर्षी दुप्पट या हिशेबाने दहा वर्षांत १,०२४ कारखाने होतात. एवढ्या वाढीपुढे सुरुवातीचा प्रचंड खर्च क्षुल्लक ठरतो, हेच या कल्पनेचे आकर्षण.

या अहवालाची खरी देणगी म्हणजे "क्लोजर" ही संकल्पना. आपण तिला संवृत्तता म्हणू. कारखान्याला लागणारे प्रत्येक द्रव्य, ऊर्जा आणि माहिती कारखान्यातूनच भागते का, हा तिचा प्रश्न. चंद्रावर लोह, सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, ऑक्सिजन भरपूर आहे, पण कार्बन आणि हायड्रोजन फार कमी, त्यामुळे आपल्याकडच्या रासायनिक उद्योगाच्या सवयीच्या प्रक्रिया तेथे तशाच चालत नाहीत. द्रव्याच्या बाबतीत साधारण ९० ते ९६ टक्के संवृत्तता गाठता येईल आणि उरलेले हलके पण अवघड भाग पृथ्वीवरून पाठवावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्या उरलेल्यांत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर बॉल बेअरिंगही होती, हे उद्यमनगरकरांना पटेल.

धागाकर्त्यांशी माझा एक मतभेद आहे. शंभर टक्के संवृत्तता हे ध्येय मानू नये. शंभर टनांपैकी पंचाण्णव टन जागेवर मिळत असतील तर अंतराळ मोहिमेचे गणित तेवढ्यानेच बदलते. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी अख्खा अर्धवाहक उद्योग चंद्रावर नेणे हा शहाणपणा नाही.

माणिकमोती

चर्चा वाचताना सतत एक काळजी वाटते आहे. दरवर्षी दुप्पट होणारे यंत्र थांबवायचे कोणी? रेणूंच्या पातळीवरची सूक्ष्म नॅनोयंत्रे सारी पृथ्वी गिळून टाकतील, असे इशारे पूर्वी वाचलेले आहेत. या क्षेत्रात काम करणारे याचा विचार करतात का?

शून्यलब्धी

माणिकमोती, काळजी रास्त आहे आणि तिचा विचार झालेला आहे. एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ मध्ये अशा यंत्रांच्या धोक्याची शक्यता मांडली. २००४ मध्ये त्यांनीच क्रिस फीनिक्स यांच्यासह असे लिहिले की, रेणूंच्या पातळीवरच्या उत्पादनासाठी मोकळे फिरणारे, स्वतःची प्रत काढणारे यंत्र मुळात लागतच नाही, जागेवर बसवलेली यंत्रसामग्री अधिक कार्यक्षम आणि अधिक सुरक्षित ठरेल.

प्रत काढणारी रचना हाताबाहेर जाते ती जेथे परिसर तिला सारे काही आयते पुरवतो तेथे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम तेव्हाच्या इंटरनेटवर पसरला. संगणकावर आपली प्रत आधीच आहे का हे तो तपासत असे, परंतु कोणी खोटेच "आहे" असे उत्तर देऊन फसवू नये म्हणून साधारण सातांतून एकदा ते उत्तर झुगारून पुन्हा बसत असे. तेवढ्या एका निवडीने संगणकांवर प्रतींचा ढीग साचला आणि ते ठप्प झाले. त्या प्रोग्रामला ना धातू लागत होता ना बेअरिंग, स्मृती आणि वीज समोर तयार होती. चंद्रावरच्या कारखान्याची चिप मात्र पृथ्वीवरून येते. ध्रुवमत्स्य ज्या पाच टक्क्यांना आर्थिक सोय म्हणतात, तेच पाच टक्के लगाम म्हणूनही हाती ठेवता येतात. त्यामुळे शंभर टक्क्यांचा आग्रह धरू नये, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि त्यांनी दिलेल्या कारणापेक्षा हे कारण मला अधिक वजनदार वाटते.

पेशीवेल्हाळ

एका प्रकाराबद्दल मत हवे आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी झेनोपस बेडकाच्या भ्रूणपेशींचे लहान गोळे बशीत सोडले. गोळे पोहताना बशीतल्या सुट्या पेशी ढकलून ढीग करत, आणि पुरेसा मोठा ढीग काही दिवसांत स्वतःच पोहणारा गोळा होत असे. संगणकाने सुचवलेला, तोंड उघडल्यासारखा सी आकार दिल्यावर ही साखळी अधिक पिढ्या टिकली. मात्र हा सी आकार पुढच्या पिढीत उतरत नाही, संतती पुन्हा गोल होते. याला प्रत म्हणावे का?

शून्यलब्धी

माझ्या मते ही प्रत आहे, पण वारसा नाही. १९५७ मध्ये लायोनेल आणि रॉजर पेनरोज या पितापुत्रांनी विशिष्ट आकारात कापलेले लाकडी ठोकळे दाखवले होते. पेटीत सुटे ठोकळे हलवले तर ते जोडले जात नसत. जोडलेली एक जोडी आत टाकली की तिच्या धक्क्याने तशाच जोड्या तयार होत. तेथेही संख्या वाढते, पण पट्टी नाही, त्यामुळे सुधारणा पुढे जाण्याची वाटच नाही. फॉन नॉयमन यांच्या योजनेत पट्टीवर झालेला बदल पुढच्या प्रत्येक पिढीत उतरतो. रेपरॅपमध्ये हे प्रत्यक्ष घडले: कोणीतरी आराखड्याच्या फाइलमध्ये बदल करी, तो भाग अधिक चांगला चाले, लोक तीच फाइल उतरवून घेत. डार्विननंतर मेंडेल, आणि २०१० मध्ये योसेफ प्रुशा यांनी सोपा केलेला मेंडेल, असा तो वंश वाढला. बोयर यांनी या नात्याची तुलना फुले आणि कीटकांशी केली आहे. यंत्र माणसाला वस्तू देते आणि माणूस यंत्राची जोडणी करून देतो.

उद्यमनगरकर

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब (संगणकचालित यंत्रांनी वस्तू घडवण्याची खुली कार्यशाळा) सुरू झाली, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. तेथे किंवा आमच्यासारख्या वर्कशॉपमध्ये कोणी संवृत्तता एकेक पायरी वाढवायला घेतली तर क्रम काय असावा, याचा मी विचार करत होतो. बॉल बेअरिंगपासून सुरुवात करावी. अनेक ठिकाणी तिच्याऐवजी गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश, म्हणजे साधी नळी, चालतो, वेग आणि आयुष्य कमी होते एवढेच, आणि बुश लेथवर होतो. त्यानंतर मोटार. स्टॅम्पिंग (पत्रा छापून कापणे) आणि वाइंडिंग (तार गुंडाळणे) जमण्यासारखे आहे, पण तांब्याच्या तारेवरचा एनॅमलचा (विद्युतरोधक लेपाचा) पातळ, एकसारखा थर हे वेगळेच शास्त्र आहे. कंट्रोलर बोर्डला हात लावायचा प्रश्नच नाही.

शून्यलब्धी

हा क्रम मला पटतो. एक सूचना मात्र करतो, की प्रगती मोजताना वजनाची टक्केवारी वापरू नये. बुशमुळे आपण वजनाने थोडेच पुढे जाऊ आणि बोर्ड बाहेरून आणल्याने वजनाने जवळजवळ काहीच मागे राहणार नाही. त्याऐवजी प्रत्येक बाहेरच्या भागासमोर तो घडवायला कोणकोणती यंत्रे लागतात, हे लिहीत जावे. बुशसमोर एक लेथ आणि एक भट्टी येईल. तारेसमोर ओढकामाचे डाय, एनॅमलची भट्टी आणि एक रासायनिक कारखाना येईल. चिपसमोरची यादी लिहायला बसलो की लक्षात येते, त्या यादीतील बहुतेक यंत्रांच्या आतही पुन्हा चिप आहे.